खापरखवल्या : एका इवल्या सापाच्या नावात साठलेली मुंबई

१/
सह्याद्रीच्या उत्तर भागात मातीखाली राहणारा एक साप आहे. लांबी साधारण फुटाच्या आत. त्याला विष नाही, फणा नाही, फूत्कार नाही. कोणत्याही पोथीत त्याचा महिमा नाही. वर्षातील बहुतेक दिवस तो माणसाच्या नजरेसही पडत नाही. तरीही त्याच्या शास्त्रीय नावात एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा एक मद्यव्यापारी बसलेला आहे. त्या नावाचा मागोवा घेत गेलो, की वाटेत कित्तूरचा उठाव भेटतो, प्रार्थना समाज भेटतो आणि रखमाबाईंचा खटलाही भेटतो. आजचा थ्रेड या एका नावाचा आहे.

२/
प्रथम सापाची ओळख. मराठी सर्पपुस्तकांत याला ‘फिप्सनचा खापरखवल्या’ म्हणतात. डोके निमुळते, अंग गुळगुळीत आणि चकचकीत, डोळे मोहरीएवढे. गंमत आहे ती शेपटीत. शेपूट टोकाशी तिरपी छाटल्यासारखी बोथट असते आणि तिच्यावर जाड, खरखरीत खवल्यांची ढाल असते. ओली माती या ढालीला चिकटून राहते. साप बिळात शिरला, की मातीने लिंपलेली शेपूट मागच्या वाटेला बुचासारखी बसते. मागून येणाऱ्या शत्रूला समोर दिसते ते मातीचे एक ढेकूळ.

३/
गांडुळे हा त्याचा मुख्य आहार. मादी अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते. पावसाळ्यात जमीन तुडुंब भिजली, की हे साप वर येतात आणि घाटरस्त्यांवर वाहनांखाली सापडतात. एरवी दगडाखाली, पालापाचोळ्याच्या थराखाली, भुसभुशीत मातीत यांचे आयुष्य जाते. ‘खापर’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. उत्खननातील खापराच्या तुकड्यावरून आपण वस्तीचा काळ ठरवतो. या सापाच्या नावाकडेही तसेच पाहता येते. ते मातीतून निघालेले एक खापर आहे, वाचता आले तर बोलणारे.

४/
खापरखवल्यांचे कुळ जगाच्या पाठीवर केवळ दोन ठिकाणी आढळते : भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका. जाती पन्नासहून अधिक आहेत. अनेकींचे राज्य एखाद्या डोंगररांगेपुरते, काहींचे तर एखाद्या पठारापुरते असते. मातीत सरपटणाऱ्या या जीवाला कोरडी, तापलेली दरी ओलांडता येत नाही. त्यामुळे त्याच्या दृष्टीने सह्याद्रीचे प्रत्येक शिखर हे एक बेटच आहे, भोवती समुद्राऐवजी सपाट प्रदेश असलेले. हिमयुगांत समुद्राची पातळी उतरली, तेव्हा श्रीलंका भारताशी जमिनीने जोडली गेली होती. तरीही तेथील खापरखवल्यांचा वंश बव्हंशी आपल्या बेटावरच वाढला.

५/
आता नावाकडे. ‘युरोपेल्टिस फिप्सोनी’ हे त्याचे शास्त्रीय नाव. पहिला शब्द ग्रीक : ‘ओउरा’ म्हणजे शेपूट, ‘पेल्टे’ म्हणजे ढाल. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी लॅटिन षष्ठी आहे : फिप्सनचा. अशा नावाचा जन्म ठरावीक विधीने होतो. एक नमुना जपला जातो, त्याचे वर्णन छापले जाते, नाव दिले जाते. सर्वांत आधी नियमानुसार छापलेले नाव पुढे बंधनकारक ठरते. ताम्रपटासारखेच हे आहे. एकदा कोरले, की नंतरच्या राजाला ते आवडो न आवडो, अक्षर खोडता येत नाही.

६/
अक्षर चुकीचे असले तरीही! याच कुळातील एका सापाचे नाव आहे ‘ऱ्हायनोफिस फिलिपिनस’. नाव वाचणाऱ्याला वाटेल, हा फिलिपाइन्सचा रहिवासी. प्रत्यक्षात तो फक्त श्रीलंकेत राहतो. युरोपातील संग्रहालयात पोहोचलेल्या नमुन्याच्या मूळ स्थानाबाबत गोंधळ झाला आणि तो गोंधळ नावात कायमचा गोठला. एका बेटावरचा साप जवळपास दोनशे वर्षे दुसऱ्याच द्वीपसमूहाचे नाव मिरवतो आहे. यातून आपल्या उपयोगाचा धडा एकच : नाव हा पुरावा आहे, पण कोणत्याही पुराव्याप्रमाणे तोही तपासूनच घ्यावा लागतो.

७/
या नावांचा पहिला थर युरोपातील संग्रहालयांत तयार झाला. १८२९ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हिए यांनी ‘युरोपेल्टिस’ हा शब्द वापरला. १८६१ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी या संपूर्ण कुळावर लॅटिन भाषेत प्रबंध प्रसिद्ध केला. मुंबई परिसरातील दुसरा एक खापरखवल्या, मोठ्या खवल्यांचा, याचे पहिले शास्त्रीय वर्णनही पीटर्स यांचेच. सह्याद्रीतील मातीत जन्मलेला जीव मद्यार्काच्या बाटलीत बसून समुद्रापार गेला, तेथे त्याचे खवले मोजले गेले आणि नाव तेवढे परत आले.

८/
बाटल्या पाठवणारे बहुधा कंपनी सरकारचे अधिकारी असत. त्यांपैकी एकाची कथा इतिहासप्रेमींनी ऐकलीच पाहिजे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या राणी चेन्नम्मा यांच्या सैन्याने कंपनीच्या तुकडीचा पराभव केला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला आणि त्याचे दोन साहाय्यक कैद झाले. त्यांतला एक, एकवीस वर्षांचा वॉल्टर एलियट. काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. पुढे हाच एलियट नाणी, शिलालेख आणि अमरावतीच्या स्तूपशिल्पांचा अभ्यासक म्हणून नावारूपाला आला.

९/
हाच एलियट प्राणीही जमवत असे. कंपनी ज्याला ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणे, तेथील सस्तन प्राण्यांची सूची त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. १८५८ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन ग्रे यांनी एका खापरखवल्याला त्याचे नाव दिले. म्हणजे चेन्नम्मांच्या कैदेत राहिलेला माणूस आज एका बिळातल्या सापाच्या नावात आहे. महसूल, लष्कर, पुरातत्त्व आणि प्राणिशास्त्र हे चार कप्पे आपण आज वेगळे मानतो. त्या काळी ते एकाच घोड्यावरून फिरत होते.

१०/
नावांचा दुसरा थर मात्र मुंबईत बसला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आठ जण एकत्र आले. निसर्गातील निरीक्षणे एकमेकांना सांगावीत, नमुने दाखवावेत, एवढाच हेतू होता. यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. आठांपैकी एक होते ई. एच. एटकिन. ते जन्माने सातारचे, मिशनरी कुटुंबातले, व्यवसायाने मीठ-जकात खात्यातील अधिकारी आणि वृत्तीने विनोदी लेखक. आणि आठांत दोघे हिंदी होते. दोघेही मराठी, दोघेही डॉक्टर.

११/
पहिले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे हे धाकटे बंधू. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तो यांच्याच पुढाकाराने. १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयी प्रश्न विचारणारा हा माणूस फुलपाखरे आणि सापांच्या सभेतही बसत होता, हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. परंतु त्या पिढीसाठी दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते : ऐकीव गोष्ट प्रमाण मानायची नाही, स्वतः पाहायचे.

१२/
दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक आणि वनस्पतींचे जाणकार. मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांची सूची १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजारातल्या वैदूकडील मुळी आणि वनस्पतिशास्त्रातील नाव यांची गाठ घालणारे हे काम होते. १८८५ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. सोसायटीचे जर्नल त्यानंतरच्या वर्षी, १८८६ मध्ये निघाले. संस्थापकाला आपल्या संस्थेचा छापील अंक पाहता आला नाही. पण इतिहासात त्यांचे घर वेगळ्याच कारणाने पोहोचले.

१३/
रखमाबाई या त्यांच्या पत्नी जयंतीबाईंच्या पहिल्या विवाहातील कन्या. बालपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर, मार्च १८८७ मध्ये, न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता, सुधारक त्यांच्या बाजूने. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली.

१४/
आता मद्यव्यापारी. हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन १८७८ च्या सुमारास मुंबईत आले. १८८४ मध्ये त्यांनी सोसायटीला फोर्टातील फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या कचेरीत जागा दिली. पुढे जवळपास दोन दशके ते सोसायटीचे मानद सचिव होते. व्यापारी पेढीच्या एका बाजूला हिशेबाच्या वह्या आणि दुसऱ्या बाजूला साप-विंचवांच्या बाटल्या, असा तो संसार होता. पुढे त्यांच्या कचेरीत ‘विल्यम’ नावाचा एक जिवंत महाधनेश सचिवांच्या खुर्चीमागे वर्षानुवर्षे बसत असे. सोसायटीच्या बोधचिन्हावरचा धनेश तो हाच.

१५/
फिप्सन यांना सापांत विशेष रस होता. मुंबई इलाख्यातील विषारी सापांवर त्यांनी जर्नलमध्ये लेखही लिहिला. १८८८ मध्ये जॉर्ज मेसन यांनी लंडनच्या एका शास्त्रीय नियतकालिकात मुंबई इलाख्यातील नव्या ‘भू-सर्पा’चे वर्णन छापले आणि त्याला फिप्सन यांचे नाव दिले. स्थळ म्हणून लिहिले आहे : ‘बॉम्बे घाट्स’. एवढेच. ना गाव, ना डोंगर. ज्या वर्षी रखमाबाईंचा खटला मिटला, त्याच वर्षी हा साप कागदावर जन्मला.

१६/
या दोन धाग्यांची गाठ पुढच्याच वर्षी पडली. डॉ. एडिथ पीची या १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक. तेथे रसायनशास्त्राच्या परीक्षेत गुणांनी हक्क मिळवूनही, स्त्री म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रारंभीच्या डॉक्टर झाल्या. रखमाबाईंना इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकण्यासाठी ज्यांनी पाठबळ दिले, त्यांत त्या होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला रवाना झाल्या. त्याच वर्षी एडिथ यांनी फिप्सन यांच्याशी विवाह केला आणि पीची-फिप्सन हे जोडनाव स्वीकारले.

१७/
म्हणून ‘फिप्सोनी’ हा शब्द उच्चारताना एक संपूर्ण शहर जागे होते. सखाराम अर्जुनांनी ज्या सोसायटीचा पाया घातला, तिचे सचिव फिप्सन. सखाराम अर्जुनांच्या घरातील मुलीला ज्यांनी हात दिला, त्या डॉक्टर फिप्सन यांच्या पत्नी. विज्ञान, स्त्रीशिक्षण, कायदा आणि व्यापार यांची माणसे फोर्ट ते भायखळा या काही मैलांत एकमेकांना ओळखत होती. इतक्या गोष्टी एका सापाच्या शेपटीला चिकटून आलेल्या आहेत, जशी माती चिकटते तशी.

१८/
परंतु या चित्रात कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. हा साप दिसतो तो खणणाऱ्याला : शेताची बांधबंदिस्ती करणाऱ्याला, रस्त्याच्या कामावर माती उपसणाऱ्याला, कंदमुळे काढणाऱ्या कातकरी, ठाकर माणसाला. साहेबाच्या टेबलावर पोहोचण्याआधी अशा नमुन्यांना बहुधा अशाच कोणाच्या तरी हातांनी उचललेले असे. ‘बॉम्बे घाट्स’ या दोन शब्दांत ते हात, ते गाव, तो महिना, सारे पुसले गेले. शास्त्राचे नुकसान यात प्रत्यक्ष आहे : मूळ नमुना नेमका कोणत्या डोंगरावरचा, हे कळले तर आजही जातींची सीमा ठरवणे सोपे जाईल.

१९/
काळाबरोबर नावे देणारे बदलले. १९५५ मध्ये मोठ्या खवल्यांच्या खापरखवल्याच्या एका उपजातीला महाबळेश्वरचे नाव मिळाले. २०१६ मध्ये याच कुळातील एका काळ्या सापाला नीलिमकुमार खैरे यांचे नाव देण्यात आले. तोवर त्याची गणना दक्षिणेकडील दुसऱ्याच जातीत होत होती. वर्णन करणाऱ्या चौघांत वरद गिरी आणि अशोक कॅप्टन ही नावे आहेत. खैरे म्हणजे १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिलेले आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभारणारे सर्पमित्र. साप दिसला की काठी उचलणाऱ्या समाजाला थांबून पाहायला शिकवणे, हे त्यांचे काम.

२०/
मग प्रश्न येतो : जुनी वसाहतकालीन नावे काढून टाकावीत का? अमेरिकेतील पक्षी-अभ्यासकांच्या संस्थेने २०२३ मध्ये व्यक्तींच्या नावांवरून आलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. आपल्याकडेही नावे बदलली आहेत. ज्या म्युझियममध्ये सोसायटी स्थापन झाली, त्याला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले, आणि ते योग्यच झाले. १९९५ मध्ये शहर अधिकृतपणे मुंबई झाले. सोसायटीच्या नावात मात्र बॉम्बे राहिले, आणि सापाच्या नावात फिप्सन.

२१/
माझे मत स्पष्ट आहे. शास्त्रीय नाव हा सन्मान मानला, तर फिप्सन यांचा हक्क वादाचा ठरेल. ते नाव दस्तऐवज मानले, तर त्याला हात लावणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. देवगिरीचे दौलताबाद झाले, हे दोन्ही नावांमुळेच आपल्याला कळते. खोडलेल्या नावावरून अन्याय दिसत नाही, टिकलेल्या नावावरून दिसतो. कोणाला नाव देण्याचा अधिकार होता आणि कोणाला नव्हता, हे ‘फिप्सोनी’ आणि ‘बॉम्बे घाट्स’ एकत्र वाचले की लख्ख समजते. दुरुस्ती करायची ती त्याच्या शेजारी नव्या ओळी लिहून.

२२/
आणि त्या ओळी मराठीत लिहिता येतात. लॅटिन नाव सांगते, माणूस कोण होता. ‘खापरखवल्या’ सांगते, साप कसा आहे. आपली जुनी नावे, फुरसे, मण्यार, मांडूळ, धामण, ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहेत आणि त्यांत विषारी-बिनविषारी हा भेद जीव वाचवण्याइतका पक्का आहे. पण नाव हरवले, की भेदही हरवतो. बोथट शेपटीचा कोणताही साप आज सरसकट ‘दुतोंड्या’ ठरतो. मांडुळाला गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी पकडून चोरून विकले जाते आणि खापरखवल्याला ‘विषारी पिल्लू’ म्हणून ठेचले जाते.

२३/
मी हे सीबीडी बेलापूरमध्ये बसून लिहीत आहे. या पत्त्यातच दोन थर आहेत : ‘बेलापूर’ हे खाडीकाठच्या जुन्या गावाचे आणि किल्ल्याचे नाव, ‘सीबीडी’ हे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या आराखड्यातील आद्याक्षरांचे. इकडच्या कुंड्यांत, न्हाणीघरांत पावसाळ्यात एक बारीक काळसर साप निघतो. लोक त्याला गांडूळ समजतात. तो वाळा. १८०३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ यांनी त्याला जे नाव दिले, त्यात ‘ब्राह्मण’ हा शब्द आहे. या जातीत सगळ्या माद्याच असतात. नराविनाच त्या अंडी घालतात, आणि एकच मादी नवी वसाहत सुरू करू शकते.

२४/
म्हणूनच वाळा फुलझाडांच्या मातीतून जगभर पोहोचला. हवाईसारख्या दूरच्या बेटांवरही तो स्थायिक झाला आहे. खापरखवल्याचे नशीब नेमके उलटे आहे. त्याला प्रवास जमत नाही. त्याची माती, तिचा ओलावा, वरचा पाचोळा, हेच त्याचे बेट. डोंगर फोडून रस्ता काढला, उतार कापून इमारत उभारली, खाणीसाठी टेकडी उपसली, तर पक्षी उडून जातो, बिबट्या वाट काढतो. हा साप मात्र मातीसोबत डंपरमध्ये जातो. एखादी जात एकाच पठारावर असेल, तर ते पठार जाणे म्हणजे त्या जातीचे शेवटचे पान फाडले जाणे. आणि पान होते याची नोंदही मागे उरणार नाही.

२५/
इतिहासाचा विद्यार्थी येथे काय करू शकतो? जे १८८८ मध्ये राहून गेले, ते. घाटात, गडाच्या वाटेवर, पावसाळी भटकंतीत असा साप दिसला तर हात न लावता छायाचित्र घ्या. शेपटीचे टोक नीट दिसेल असे घ्या. तारीख लिहा, वेळ लिहा, गावाचे आणि डोंगराचे नाव स्थानिक माणसाला विचारून लिहा. ते लोक या सापाला काय म्हणतात, तेही विचारा आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नावही नोंदवा. मग ती नोंद एखाद्या खुल्या निसर्गनोंद-संकेतस्थळावर ठेवा किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्या.

२६/
मोडी कागद वाचताना आपण शेवटच्या ओळीतील साक्षीदारांची नावेही सोडत नाही, कारण व्यवहार त्यांच्यामुळे खरा ठरतो. सह्याद्रीच्या मातीतील या इवल्या जिवाच्या दस्तऐवजावर आजवर पॅरिस, बर्लिन, लंडन आणि मुंबईच्या सह्या झाल्या. ज्यांनी माती उकरली, त्यांची सही अजून बाकी आहे. तुमच्या गावात खापरखवल्याला कोणते नाव आहे? माहीत असेल तर गाव आणि तालुक्यासह खाली लिहा. यादी मी जमवतो आहे. ती पूर्ण झाली, की पुढचा थ्रेड तुमच्या नावांचा.